मेक्सिकोतल्या रंगीत दारांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोहून परतल्यावर दारांचे फोटो दाखवले की प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक तेच तेच असतात. टेक्सास-कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळींना मेक्सिको जवळ पडतं, म्हणून त्यांचे प्रश्न जास्त. पण पुण्या-नागपूरहूनही विचारणा होते. चार फेऱ्यांत जे कळलं, जे चुकलं आणि जे तिथल्या लोकांनी समजावून सांगितलं, ते इथे एकत्र लिहिलं आहे.

एवढ्या लांब जाऊन फक्त दारं?

हो. पहिल्या फेरीत माझ्या यादीत पिरॅमिड, चर्च, समुद्र सगळं होतं. ग्वानाह्वातोत तिसऱ्या दिवशी एक गल्ली चढताना दम लागला म्हणून पायरीवर टेकले, तर समोर एक दार. दोन कवाडांचं, निळं. कडीभोवतीचा निळा रंग हात लागून लागून उडाला होता. तिथे खालचा हिरवा दिसत होता, हिरव्याच्या कडेला विटकरी आणि मधोमध रुपयाएवढ्या जागेत उघडं लाकूड. उंबऱ्याचा दगड मध्यभागी झिजून खोलगट झालेला. डाव्या कवाडाचा खालचा कोपरा मांजराला जाता यावं एवढाच कापलेला.

मी बराच वेळ तिथे बसून होते. मग बाजाराच्या पिशव्या घेऊन एक बाई आल्या, मला ‘बुएनोस दीआस’ म्हणाल्या, कुलूप काढलं आणि दाराला खांद्याने धक्का दिला. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे त्यांनी दोन्ही हात फाकवून दाखवलं. आमच्या आजोळच्या वाड्याचं दारही श्रावणात असंच खांद्याने उघडावं लागायचं. त्या घरात मी पाऊल टाकलं नाही. पण तिथे किती वेळा रंग बदलला, कडीला हात कुठे लागतो, मांजर किती लाडकं आहे, एवढं त्या दाराने सांगितलं. तेव्हापासून यादीतल्या बाकीच्या गोष्टी मागे पडल्या.

सुरुवात कुठल्या गावापासून करू?

पहिल्यांदा जात असाल तर सान मिगेल दे आयेंदे आणि ग्वानाह्वातो ही जोडी घ्या. दोन्ही ग्वानाह्वातो राज्यातच आहेत, बसने दोनेक तासांच्या आत एकातून दुसऱ्यात जाता येतं आणि स्वभाव मात्र पूर्ण वेगळे. सान मिगेल २००८पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या भिंती गेरू, हळद, पक्की वीट, जांभा यांच्या रंगांत राहतात आणि दारं बहुधा कोरीव, जाड, मोठ्या खिळ्यांची. गुलाबी दगडाच्या पारोकिया चर्चकडे जाणारी आल्दामा गल्ली सगळे टिपतात. तुम्हीही टिपा, पण मग दोन गल्ल्या बाजूला सरका.

ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं शहर, युनेस्कोच्या यादीत १९८८पासून. ते दरीत वसलंय, त्यामुळे रस्ते कमी आणि पायऱ्यांच्या गल्ल्या जास्त. तिथे रंगांना आवर नाही. जांभळ्या भिंतीत पोपटी दार आणि शेजारी कैरीच्या फोडीसारखं पिवळं, असंही दिसतं. दिएगो रिवेरा या चित्रकाराचा जन्म १८८६मध्ये इथल्याच एका घरात झाला. ते घर आता संग्रहालय आहे.

दक्षिणेत वाहाका. इथला दगड हिरवट, त्याला ‘कान्तेरा वेर्दे’ म्हणतात. भूकंपाच्या पट्ट्यात असल्यामुळे घरं बुटकी आणि भिंती जाड, त्यामुळे दार भिंतीत खोल बसतं आणि चौकटीत सावलीची छान पट्टी मिळते. हालात्लाको हा जुना चामडं कमावणाऱ्यांचा मोहल्ला फोटोंमुळे फार प्रसिद्ध झालाय. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

युकातान द्वीपकल्पात सगळंच बदलतं. मेरिदाची दारं उंच असतात, उकाड्यासाठी. उघडं दार दिसलं तर आतल्या नक्षीच्या फरशा दिसतात आणि मागे झुला टांगलेला. संध्याकाळी लोक दाराबाहेर खुर्च्या टाकून ‘फ्रेस्को’ घ्यायला, म्हणजे गार वारा खायला बसतात. ओट्यावर बसण्याची सवय असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. जवळच इसामाल आहे. त्याच्या मध्यभागातली घरं, दुकानं आणि माया लोकांच्या जुन्या चौथऱ्यावर बांधलेला सोळाव्या शतकातला मठ, सगळं एकाच पिवळ्यात. १९९३मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले तेव्हा गाव असं रंगवलं, असं तिथे सांगतात. एवढ्या पिवळ्यात दाराचा रंगच फोटोला आधार देतो, म्हणून मला इसामाल शिकण्यासाठी फार उपयोगी वाटलं. किनाऱ्यावरचं काम्पेचे चाच्यांच्या भीतीने तटबंदी बांधलेलं शहर. तिथे फिकट गुलाबी, फिकट निळ्या भिंती आणि दाराभोवती पांढरी पट्टी काढलेली.

आणि एक गाव जे यादीत क्वचित येतं: मिचोआकान राज्यातलं पात्स्क्वारो. वरचा भाग पांढरा, खालचा गडद लाल, सगळीकडे तसंच. रंगीत दारांच्या शोधात निघालेल्याला ते एकसुरी वाटेल, पण मला तिथे दारांचे आकार पहिल्यांदा नीट दिसले.

हे रंग आले कुठून?

जुना रंग म्हणजे चुना. चुन्याच्या निवळीत खनिज रंग घालायचे: पिवळी माती, लोहाची लाल माती. त्या लाल मातीला तिथे ‘आल्माग्रे’ म्हणतात आणि तो आपला गेरूच. चुना भिंतीला धरून राहावा म्हणून त्यात फड्या निवडुंगाचा, म्हणजे नोपालचा चिकट रस मिसळत. जुन्या वास्तूंच्या डागडुजीत आजही तो वापरतात. आपल्याकडे चुन्यात गूळ आणि बेलफळ घालत, त्यातलाच हा प्रकार. निळ्याला ‘आन्यील’ म्हणतात. हा शब्द मूळ आपल्या ‘नील’चा, अरबीतून स्पॅनिशमध्ये गेलेला. मेक्सिको सिटीतल्या कोयोआकान भागातलं चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर पाहाल तेव्हा हे आठवा.

भिंतीच्या तळाशी कमरेएवढी गडद पट्टी असते, तिला ‘ग्वार्दापोल्वो’ म्हणतात. शब्दशः धूळ राखणारी. पावसाचे शिंतोडे आणि चिखल त्या पट्टीवर उडतो. कोकणातल्या घरांना खाली जी गेरूची पट्टी ओढतात तिचं काम हेच. फोटो काढताना ही पट्टी फार उपयोगी पडते. ती दाराच्या दोन्ही बाजूंनी सरळ आडवी गेली तर कॅमेरा समतल आहे हे लगेच कळतं.

आज बहुतेक रंग डब्यातले आहेत, त्यामुळे भडकपणा वाढला. तरी अनेक जुन्या मध्यवस्त्यांत नगरपालिकेची रंगांची नियमावली असते आणि घरमालकाला वाटेल तो रंग देता येत नाही. सान मिगेल आणि पात्स्क्वारो एकसंध दिसतात ते त्यामुळे. झळझळीत गुलाबी, ज्याला ‘रोसा मेहिकानो’ म्हणतात, तो कागदी पताकांत, बाजारात आणि बोगनवेलीत आधीपासून होताच. १९४०च्या दशकाच्या अखेरीस रामोन वाल्दिओसेरा या चित्रकार-वेशभूषाकाराने त्याला जगापुढे नेलं आणि लुईस बारागान या वास्तुरचनाकाराने तो आधुनिक भिंतींवर आणला.

दाराच्या भागांची नावं माहीत असावीत का?

असावीत, कारण नाव माहीत झालं की ती गोष्ट दिसायला लागते. घोडागाडी आत जाईल एवढं मोठं दार म्हणजे ‘पोर्तोन’. त्या मोठ्या दारातच माणसापुरतं छोटं दार कापलेलं असतं. आपला दिंडी दरवाजा तोच. पोर्तोनच्या आत रस्ता आणि चौक यांना जोडणारी झाकलेली जागा म्हणजे ‘सागुआन’. हा शब्द अरबीतून आला आणि ती रचनाही स्पेनमधल्या अंदालुसियाच्या अरबी घरांची. वाडा पाहिलेल्या माणसाला ‘देवडी’ म्हटलं की कळेल. आत चौक, त्याला ‘पातिओ’. दार ठोठावायची कडी ‘आल्दाबा’. ती सिंहाच्या तोंडाची असते किंवा फळ धरलेल्या बाईच्या हाताची. कोनाड्यात, दाराच्या वर, एखादा संत असतो. आपल्याकडे त्या जागी गणेशपट्टी असते.

सागुआनचा फोटो घ्यायचा तर बाहेरून घ्या. बाहेर ऊन, मध्ये काळोख, पुन्हा चौकात ऊन, असे तीन थर मिळतात.

उजेड केव्हा चांगला?

सान मिगेल, ग्वानाह्वातो आणि मेरिदा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत, म्हणजे नागपूर-अमरावतीच्या रेषेत. वाहाका १७ अंशांवर, आपलं कराड-सांगली. सूर्याची चाल तुमच्या ओळखीची आहे. डिसेंबरात तो दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेकडे तोंड केलेल्या दारांवर ऊन पडत नाही. ही दारं हिवाळ्यात दिवसभर शांत, एकसारख्या उजेडात मिळतात. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत २१ अंशांवर दुपारचा सूर्य थोडा उत्तरेला असतो आणि तेव्हा याच दारांवर वरून ऊन सरकतं. खिळे, कोरीवकाम, उडालेला रंग यांचा उठाव त्या उन्हात जसा दिसतो तसा एरवी दिसत नाही.

मेरिदात एक सोपी खूण आहे. तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. सम आकड्यांचे रस्ते उत्तर-दक्षिण जातात, विषम पूर्व-पश्चिम. म्हणजे सम रस्त्यावरची दारं पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करतात, त्यांना सकाळ-संध्याकाळ ऊन. विषम रस्त्यावरची उत्तरेला किंवा दक्षिणेला. सकाळी नकाशावर नुसते आकडे पाहून फेरी ठरवता येते.

माझी स्वतःची आवड थेट उन्हाची नाही. समोरच्या भिंतीवर ऊन असतं आणि तिचा रंग उडून सावलीतल्या दारावर पडतो, ती वेळ मला हवी असते. ग्वानाह्वातोच्या अरुंद गल्लीत अकरा-साडेअकराला पिवळ्या भिंतीवर ऊन आलं की समोरचं राखाडी दार आतून दिवा लावल्यासारखं दिसतं. हे फार वेळ टिकत नाही. त्या गल्लीत आधी जाऊन थांबावं लागतं.

पावसाळ्यात जावं का?

जरूर. जून ते ऑक्टोबर पाऊस, पण मध्य मेक्सिकोच्या पठारावर तो बहुधा दुपारनंतर येतो आणि सकाळ स्वच्छ असते. ओल्या भिंतीवर रंग गडद होतात, दगडी रस्त्यात दाराचं प्रतिबिंब मिळतं. युकातानला एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशीपार जातो.

कॅमेरा कुठला? मोबाइल चालेल?

मोबाइल चालेल. माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोंपैकी निम्मे मोबाइलचे आहेत. कॅमेरा नेणार असाल तर ३५ आणि ५० मिलिमीटरची भिंगं पुरतात. अरुंद गल्लीत मागे जायला जागा नसते म्हणून २४ची गरज कधीतरी पडते, पण रुंद भिंगाने दार ताणलं जातं आणि त्याचा मूळ आकार हरवतो. जागा नसेल तर पूर्ण दाराचा हट्ट सोडून कडी, उंबरा, अर्धं कवाड घ्यावं. चकचकीत ऑइलपेंटवर आभाळाची चमक येते, ती पोलरायझर फिल्टर फिरवून घालवता येते.

फोटोत दार वर निमुळतं होतं, ते का?

कॅमेरा वर कलवल्यामुळे. समोरच्या फुटपाथवर जा, कॅमेरा दाराच्या अर्ध्या उंचीला आणा आणि भिंतीला अगदी समांतर धरा. स्क्रीनवर जाळीच्या रेषा चालू ठेवा. एक मात्र लक्षात घ्या, जुन्या घरांची चौकट स्वतःच वाकडी असते. ती सॉफ्टवेअरमध्ये सरळ करत बसू नका. तिचं ते वाकणं घराच्या वयाचं आहे.

डोळ्यांना दिसले तसे रंग येत नाहीत. काय चुकतं?

दोन गोष्टी. पहिली, व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असणं. पूर्ण फ्रेम पिवळ्या भिंतीने भरली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा काढून टाकतो. इसामालमधला माझा पहिला दिवस असा वाया गेला. सगळं गाव फिक्या ताकासारखं आलं. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवून विसरून जा. दुसरी, लाल आणि गुलाबी रंग फुटणं. एकूण प्रकाश बरोबर दिसतो पण लाल रंगाची पट्टी टोकाला जाऊन आदळते आणि दाराच्या फळ्यांमधल्या रेघा नाहीशा होतात. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा, लाल दारासाठी एक्स्पोजर थोडं खाली ओढा आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल ठेवा.

घरी आल्यावर सॉफ्टवेअरमधली रंग भडक करणारी पट्टी उजवीकडे सरकवायचा मोह आवरा. तो आल्माग्रे आहे, लिपस्टिक नाही.

दाराचा फोटो काढायला परवानगी लागते का?

रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला कायद्याने अडचण नाही. मेक्सिकोचा कॉपीराइट कायदा सार्वजनिक जागेतून दिसणाऱ्या कलाकृतींचे फोटो काढू देतो. माणसाच्या चेहऱ्याचा वापर मात्र वेगळा. व्यक्ती हा फोटोचा विषय असेल तर प्रसिद्ध करण्याआधी तिची संमती लागते. गर्दीचा छोटासा भाग म्हणून ती आली असेल, किंवा सार्वजनिक जागेतला बातमीसाठीचा फोटो असेल, तर सूट आहे.

हे कायद्याचं झालं. मी तरीही विचारते, दार उघडं असेल किंवा आसपास घरचं कोणी असेल तर प्रत्येक वेळी. दार बंद आणि रस्ता मोकळा असेल तर रस्त्याच्या पलीकडून शांतपणे काढते. उघड्या दारातून घराच्या आत मात्र विचारल्याशिवाय कॅमेरा रोखत नाही. तुमच्या सोसायटीत कोणी अनोळखी माणूस तुमच्या उघड्या दारातून स्वयंपाकघराचे फोटो काढायला लागला तर तुम्ही काय कराल, तेच तिथेही लागू आहे. उंबऱ्यावर बसून कपडे बदलून फोटो काढून घेणारी मंडळी मी पाहिली आहेत. घरातल्या आजी आतून बाहेर पडायला ताटकळत उभ्या होत्या.

स्पॅनिश येत नाही. काय म्हणू?

आधी नमस्कार. दुपारपर्यंत ‘बुएनोस दीआस’, नंतर ‘बुएनास तार्देस’. नमस्काराशिवाय प्रश्न विचारणं तिथे उद्धट समजतात. मग ‘के बोनीता पुएर्ता’, किती सुंदर दार. मग ‘पुएदो तोमार्ले उना फोतो?’, फोटो काढू का? वयस्क बाईंना ‘सेन्योरा’ म्हणा. त्यांना ऐकू आलं नाही तर त्या ‘मांदे?’ म्हणतील, त्याचा अर्थ नकार नव्हे, ‘काय म्हणालात?’ एवढाच. निघताना ‘ग्रासिआस, मुय आमाब्ले’. पाच वाक्यं झाली. ‘नो’ आलं तर हसून ग्रासिआस म्हणा आणि खरोखर निघा.

दाराची स्तुती आधी केल्याने फार फरक पडतो. मला वाहाकात एका आजोबांनी सुतार कोण होता, लाकूड कुठून आणलं, हे सगळं सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. शेवटी त्यांनी दार मुद्दाम पूर्ण लावून घेतलं, म्हणजे दोन्ही कवाडांवरचं कोरीवकाम जुळून दिसेल.

दारावर काहीतरी टांगलेलं असेल तर?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण माझ्या हातून इथे चूक झाली आहे. सान मिगेलमध्ये एका हिरव्या दारावर काळ्या कापडाचं मोठं फूल बांधलेलं होतं. हिरव्यावर काळं फार उठून दिसत होतं. मी चार-पाच फोटो घेतले, जवळ गेले, खाली वाकून वेगळा कोन लावला. आतून काळ्या कपड्यातला एक तरुण मुलगा बाहेर आला, माझ्याकडे बघून काही न बोलता दार लोटून घेतलं. समोरच्या दुकानदाराने मला सांगितलं, काळा ‘मोन्यो’ म्हणजे त्या घरात कोणीतरी गेलंय. ते फोटो मी तिथेच उभ्या उभ्या पुसले. काळी गाठ दिसली की कॅमेरा खाली करा आणि पुढे चला.

बाकीच्या खुणा आनंदाच्या किंवा श्रद्धेच्या असतात. लाल फितीने बांधलेलं कोरफडीचं रोप दारावर दिसेल. वाईट नजर लागू नये म्हणून ते टांगतात. आपण लिंबू-मिरची बांधतो तसं. विणलेल्या ताडाच्या पानांचा वाळका क्रॉस दिसेल, तो ईस्टरच्या आधीच्या रविवारी आशीर्वाद घेऊन आणलेला आणि वर्षभर दाराला ठेवलेला. ‘हे घर कॅथलिक आहे, इतर पंथांचा प्रचार स्वीकारत नाही’ अशी पाटी दिसेल. गॅरेजच्या दारावर ‘से पोंचान यांतास ग्रातीस’, म्हणजे ‘टायर मोफत पंक्चर करून मिळतील’. तिथे गाडी लावू नये, इतकाच अर्थ.

सणाच्या वेळी गेलं तर?

दोन दिवस सांगते. गुड फ्रायडेच्या आधीच्या शुक्रवारी, ‘व्हिएर्नेस दे दोलोरेस’ला, सान मिगेल आणि ग्वानाह्वातोत लोक घराच्या दारात, खिडकीत दुःखी मेरीची आरास मांडतात. जांभळ्या कागदी पताका, कॅमोमाइलची फुलं, कडू संत्री आणि अंधारात उगवलेले गव्हाचे अंकुर. आपले घटातले अंकुर आठवतात. संध्याकाळी लोक घरोघर जातात, ‘मेरी रडली का?’ असं विचारतात आणि यजमान त्यांना थंड सरबत किंवा बर्फगोळ्यासारखं काही देतात. ते तिचे अश्रू. एरवी बंद असणारी दारं त्या रात्री अनोळखी माणसालाही उघडी असतात. कॅमेरा गळ्यात असू द्या, पण आधी सरबत घ्या.

दुसरा, १ आणि २ नोव्हेंबर, मृतांचे दिवस. रस्त्यापासून उंबऱ्यावरून आतल्या वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्या माणसांना घर सापडावं म्हणून. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे नंतर आला. पाकळ्यांवर पाय पडू देऊ नका.

दारं सदा बंदच दिसतात. उघडी कधी मिळतात?

सकाळी लवकर, जेव्हा बायका दारापुढचा फुटपाथ झाडून त्यावर बादलीने पाणी मारतात. सडा घालणंच ते, फक्त शेणाविना. आणि घंटा वाजते तेव्हा. कचऱ्याच्या गाडीपुढे एक माणूस हातात घंटा घेऊन चालतो आणि तिच्या आवाजाबरोबर एकामागून एक दारं उघडतात, घरातली माणसं पिशव्या घेऊन बाहेर येतात. वास्तूचे फोटो काढणाऱ्याला हा व्यत्यय वाटेल. मला एवढी जिवंत गल्ली दुसऱ्या कुठल्या वेळी मिळाली नाही.

माणसांचे, मुलांचे फोटो?

मुलांचे आई-वडिलांना विचारल्याशिवाय नाहीत. चियापास राज्यात सान क्रिस्तोबाल दे लास कासासच्या आसपासच्या त्सोत्सिल या माया लोकांच्या गावांत अधिक जपा. सान हुआन चामुलाच्या चर्चमध्ये फोटोला सक्त मनाई आहे आणि अनेक लोकांना आपला फोटो काढलेला मुळीच आवडत नाही. तिथे मी कॅमेरा पिशवीत ठेवते. चर्चचं हिरव्या-निळ्या नक्षीचं दार चौकातून दुरून टिपता येतं, तेवढं बास.

ट्रायपॉड नेऊ का?

गल्लीत गरज नाही, अडचणच होते. प्राचीन स्थळं आणि राष्ट्रीय संग्रहालयं ‘इनाह’ या सरकारी संस्थेच्या ताब्यात आहेत आणि तिथे ट्रायपॉड किंवा व्यावसायिक सामग्रीला आधी लेखी परवानगी लागते.

एकटीने फिरणं सुरक्षित आहे का?

जुन्या मध्यवस्तीत, दिवसा, मला भीती वाटली नाही. अंधार पडल्यावर अनोळखी उताराच्या गल्लीत जात नाही, कॅमेऱ्याचा पट्टा आडवा घालते आणि कुठल्या वस्तीत जाऊ नये ते राहत्या घरच्या यजमानांना रोज विचारते. धोका चोरापेक्षा दगडी रस्त्याचा जास्त. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे सरकू नका. आणि पहिल्या दिवशी दमाने घ्या. सान मिगेल सुमारे १,९०० मीटरवर आहे, ग्वानाह्वातो २,०००वर. आपलं कळसूबाई शिखर १,६४६.

व्हिसा?

अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी मेक्सिकोच्या वेगळ्या व्हिसातून सूट मिळते. तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या पानावर नियम पुन्हा वाचा.

आपल्या फोटोंमुळे तिथल्या लोकांना त्रास होतो का?

होतो, आणि हे टाळून पुढे जाता येणार नाही. हालात्लाकोत भिंती फोटोसाठीच रंगवल्यासारख्या दिसू लागल्या आहेत, घरांची हॉटेलं झाली, भाडी वाढली. २०२४मध्ये वाहाकाच्या रहिवाशांनी या विरोधात रस्त्यावर मोर्चा काढला. सुंदर दारावर ‘से रेन्ता’, भाड्याने देणे, अशी पाटी दिसते तेव्हा आत राहणारं कुटुंब कुठे गेलं असेल हा प्रश्न मला पडतो. मी काय बदललं तेवढं सांगते. आता स्थानिक कुटुंबाच्या घरात खोली घेते, कोपऱ्यावरच्या दुकानातून वस्तू घेते आणि घराचा नेमका पत्ता फोटोसोबत कुठेही देत नाही. गावाचं नाव पुरतं.

इतके फोटो जमल्यावर त्यांचं करायचं काय?

छापा. पोस्टकार्डाएवढे, मॅट कागदावर. आणि पुढच्या वेळी जाल तेव्हा सोबत न्या. ग्वानाह्वातोच्या त्या निळ्या दाराचा फोटो मी दोन वर्षांनी घेऊन गेले. गल्ली शोधायला तासभर लागला, कारण दार आता पिवळं होतं. कापलेल्या कोपऱ्यावरून ओळखलं. ठोठावलं, त्याच बाईंनी उघडलं, पुन्हा खांद्याने. फोटो हातात घेऊन त्यांनी आतल्या कोणाला तरी हाक मारली, मग कडीभोवतीच्या त्या रंग उडालेल्या जागेवर बोट ठेवून मला काहीतरी सांगू लागल्या. त्यातला एकच शब्द मला नीट कळला, ‘मामा’. आई.